फिश कट

माशाची शेपटी उभी असते. सुरमई घ्या, बांगडा घ्या, रावस घ्या. पाण्यात असताना शेपटीचं पातं उभं, आणि ते हलतं डावी-उजवीकडे. पन्नाशी उलटेपर्यंत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझी आणि माशाची गाठ पडते ती ताटात, आणि ताटात पापलेट आडवं झोपलेलं असतं. मत्स्यकन्येची शेपटी मात्र कुठल्याही चित्रात बघा, आडवी. ती हलणार वर-खाली. अशी शेपटी डॉल्फिनला आणि देवमाशाला असते. त्यांचे पूर्वज एके काळी जमिनीवर चार पायांनी हिंडायचे, धावताना त्यांचा कणा वर-खाली वाकायचा, आणि पाण्यात परत गेल्यावरही त्यांनी ती सवय सोडली नाही. तेव्हा काटेकोर बोलायचं तर मत्स्यकन्या म्हणजे अर्धी बाई आणि अर्धी डॉल्फिन. तिच्यात मासा औषधालासुद्धा नाही.

हे वाचून एखादा शहाणा माणूस "असं होय" म्हणाला असता आणि दिवा मालवून झोपला असता. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मग?"

त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मग माणसाला शेपटी लावता येते.

निमित्त भाचीचं होतं. नऊ वर्षांची आहे, पाण्यात बेडकाला लाजवते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला जलपरीची शेपटी हवी होती. तयार शेपटी बाहेरून मागवायची तर किंमत अशी, की तेवढ्यात अख्खं कुटुंब तारकर्लीला जाऊन खरे डॉल्फिन बघून, वर दोन्ही वेळा सुरमई थाळी खाऊन आलं असतं. बहीण म्हणाली, "राहू दे, एवढं काही नडत नाही." आणि मी म्हणालो, "त्यात काय आहे? चार पैशांचं प्लास्टिक. मी घरी करतो."

आमच्या घराण्यात हे वाक्य याआधीही उच्चारलं गेलं आहे. आमच्या वडिलांनी ते गीझरबद्दल उच्चारलं होतं.

वाचन मात्र मी कसून केलं. दोन्ही पायांना मिळून जो एकच रुंद पंख लावतात, त्याला मोनोफिन म्हणतात. जलपरीचा सगळा कारभार त्यावर. वरचे खवले ही नुसती सजावट. जगातले वेगवान पोहणारे हातपाय मारून ५० मीटर अंतर साधारण २१ सेकंदांत कापतात. मोनोफिन लावून, श्वास रोखून, पाण्याखालून गेलं तर तेच अंतर १५ सेकंदांच्या आत पार होतं. पंख नसला तरी नुसत्या त्या डॉल्फिनच्या लाटेतही इतका जोर असतो, की १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ नावाचा अमेरिकी गडी पाठीवरच्या शर्यतीत सुरुवातीचे तीसहून जास्त मीटर पाण्याखालूनच गेला. पुढे नियम करावा लागला. आज त्या शर्यतीत १५ मीटरच्या आत डोकं वर काढावंच लागतं. हे मी बायकोला चहा पिताना वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी अडवणार नाही."

फ्लोरिडात वीकी वाची नावाचा झरा आहे. न्यूटन पेरी नावाच्या, पूर्वी अमेरिकी नौदलाच्या लोकांना पाण्याखालचं प्रशिक्षण दिलेल्या माणसाने तिथे १९४७ मध्ये जलपऱ्यांचा खेळ सुरू केला. प्रेक्षक काचेआड बसतात आणि मुली पाण्याखाली रबरी नळीतून हवा घेत नाचतात. पाण्याखाली केळं खाऊन आणि बाटलीतलं सरबत पिऊनही दाखवायच्या. झऱ्याचं पाणी बारा महिने २३ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला हुडहुडी भरेल असं, आणि चेहऱ्यावर हसू पाहिजे. त्याच्याही आधी ॲनेट केलरमन ही ऑस्ट्रेलियन जलतरणपटू मूकपटांत जलपरी होऊन पोहली. तिचा 'नेपच्यून्स डॉटर' १९१४ चा. ती आपल्या शेपट्या स्वतःच बेतायची, हे वाचून माझी छाती फुगली. पण त्याच ओघात पी. टी. बार्नमची १८४२ ची 'फीजी मर्मेड'ही आली. न्यूयॉर्कमध्ये ती बघायला लोकांची झुंबड उडाली होती. प्रत्यक्षात तो पेंढा भरलेला जोडप्रकार होता. कमरेखाली मासा, कमरेवर माकड. बायकोने हा मजकूर माझ्या हातून घेऊन पुन्हा एकदा, फार मन लावून वाचला.

एक गोष्ट मी पहिल्यापासून ठरवली होती. मुलीच्या पायात काहीही चढवायच्या आधी ते मोठ्या माणसाने चढवून बघायचं. जबाबदारी म्हणून. तेव्हा पहिली शेपटी माझ्या मापाची. बायकोचं म्हणणं, शेपटी पहिल्यापासून मलाच हवी होती आणि पोर बिचारी मध्ये सापडली. या आरोपाला मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

पात्यासाठी मी आधी नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा आणला. निळसर, पारदर्शक, देखणा. भोकं पाडली, सोफ्याच्या कडेला धरून जरा वाकवला आणि तो पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत तडकला. ॲक्रिलिक वाकत नाही, मोडतं. मनुष्यस्वभावातही हा प्रकार आढळतो, पण तो इथे नको. पाहिजे होतं पॉलिकार्बोनेट. पार्किंगची शेड घालणाऱ्यांकडे त्याचे तुकडे पडलेले असतात. ते वाकून परत सरळ होतं. पातं पायाशी ताठ आणि टोकाशी लवचीक असावं लागतं, तरच लाट शेवटपर्यंत पोचते. कारखान्यात यासाठी फायबरग्लासचे थर टोकाकडे कमी कमी करत नेतात. मी ट्रकच्या कमानपाट्याचं तत्त्व लावलं आणि मोठ्या तुकड्यावर पायाजवळ एक छोटा तुकडा बसवला. हा विचार उत्तम होता. एवढं एक वाक्य मला या लेखात अभिमानाने लिहिता येतंय, म्हणून ते दोनदा वाचलं तरी चालेल.

नटबोल्टसाठी बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "कशाला लावायचाय?"

"पाण्यात राहणार आहे."

"मग स्टेनलेस घ्या. वजन किती येणार?"

"पंच्याऐंशी किलो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एक नंबर मोठा बोल्ट काढला.

पाय अडकवायला पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. ते पात्यावर बोल्टने आवळले आणि दोन्ही एकमेकांना शिवून घ्यायला कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे नेले. त्यांनी एक शब्द विचारला नाही. नायलॉनच्या दोऱ्याने पक्के शिवले, पैसे घेतले आणि म्हणाले, "गॅरंटी नाही."

आता कापड. रविवार पेठेतल्या दुकानात हिरवं चमचमतं, ताणलं जाणारं कापड मागितल्यावर पोऱ्याने सरळ विचारलं, "गॅदरिंग का? किती मुलं?" एकच मूल, पण मोठं आहे, असं सांगून मी खवल्यांचं छापील लायक्रा घेतलं आणि आमच्या शिंप्यांकडे गेलो. आमच्या घरातले ब्लाउज, फॉल-पिको सगळं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. मी शेपटी हा शब्द कसा उच्चारावा या विवंचनेत कागदावर आकृती काढली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"फिश कट! मग असं सांगा की. साडीखाली घालतात तो. रोज चार शिवतो मी."

मला एकदम हलकं वाटलं. "अगदी तोच," मी म्हणालो.

"वहिनींचंच माप ना?"

दुकानात आणखी दोन बायका बसल्या होत्या. मी "हो" म्हणालो.

"वहीत आहे माझ्या."

"नाही, नवीन घ्या. कंबर चाळीस. सीट बेचाळीस."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गणपतीत तर ब्लाउज शिवून नेलाय वहिनींनी."

"त्यानंतर वाढल्या."

ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी मान खाली घालून वहीत चाळीस लिहिले. "आणि खाली घेर?"

"घेर नकोच. खालून पाऊल बाहेर येता कामा नये."

"मग चालायचं कसं?"

"चालायचं नाहीये."

यावर ते बराच वेळ टेप गळ्यात घालून उभे राहिले. पुढे काही विचारलं नाही. बाहेर पडताना मला मागून त्यांचा उसासा ऐकू आला, आणि तो वहिनींसाठी होता.

शेपटी शिवून आली. अंगावर चढवली. आरशात पाहिलं तर हिरव्या कापडात दोन गुडघे, दोन पोटऱ्या आणि एक संसारी माणूस स्पष्ट दिसत होता. जलपरीचे पाय दिसत नाहीत. कमरेपासून खाली तिला एकच गुळगुळीत उतार असतो. तो आणायचा तर आत भरण हवं. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्यांनी, दोन्ही पाय नसलेल्या एका पोहणाऱ्या बाईंसाठी २००९ च्या सुमारास खरोखर पोहता येईल अशी शेपटी करून दिली, तिचे फोटो मी पाहिले होते. त्यांच्याकडे वेटसूटचं कापड होतं, साचे होते, कारागीर होते. माझ्याकडे बायकोची योगा मॅट होती. सहा फूट बाय दोन फूट, आठ मिलिमीटर जाड, जांभळी. ती पायांभोवती गुंडाळली, वरून कापड चढवलं, आणि काय सांगू, उतार आला.

त्या मॅटचा हिशोब मी नंतर केला. तो आधी केला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, म्हणून वाचकांनी माझे आभार मानावेत. तेवढ्या आकाराची मॅट जवळजवळ नऊ लिटर पाणी बाजूला सारते. तिचं स्वतःचं वजन किलोभर. म्हणजे पाण्यात गेल्यावर माझे पाय आठ किलोच्या जोराने वर ओढले जाणार होते. माणसाच्या अंगात हवा असते ती छातीत, त्यामुळे सर्वसाधारण माणूस पाण्यात आडवा झाला की छाती तरंगते आणि पाय खाली जातात. मी ही निसर्गाची व्यवस्था घरच्या घरी उलटी केली होती. आणि मी पोहायला शिकलो आजोळी, विहिरीत! पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामाने वरून ढकललं होतं. डबा पाठीला बांधतात, पायाला कोणी बांधत नाही, हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं. पुढे शिक्षण झालं.

चाचणी बहिणीच्या सोसायटीच्या तलावात, चार फूट पाण्यात, जीवरक्षकाच्या देखत. वेळ भर दुपारची, कारण त्या वेळी तिथे कोणी नसतं असं बहीण म्हणाली होती. कोणी नव्हतंही. मी काठावर बसून शेपटी चढवायला सुरुवात केली तेव्हा दोन मुलं होती. मॅट गुंडाळून होईपर्यंत तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या गॅलऱ्या भरल्या होत्या, आणि नाडी बांधली तेव्हा ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा खुर्च्यांसकट सरकून तलावाकडे तोंड करून बसला होता.

हो, नाडी. मी शिंप्यांना नाडी सांगितली नव्हती. पण परकर म्हटला की नाडी आली. त्यांनी ती आपल्या मनाने घातली होती, चांगली जाड, सुती. ती मी आवळून बांधली आणि गाठ सुटू नये म्हणून वर दुसरी मारली.

पाण्यात उतरलो. पहिला क्षण सुखाचा होता. हात पुढे ताणले, शरीर सोडलं, आणि पाय मोठ्या अदबीने वर निघाले. मी खाली निघालो. तलावाच्या तळाच्या निळ्या फरशा जवळ येत गेल्या आणि थोड्याच वेळात मी त्यांच्यावर दोन्ही हात टेकून शीर्षासनात उभा होतो. वर पाण्याबाहेर काय चाललं होतं ते मला नंतर व्हिडिओत दिसलं. हिरवीगार, खवल्या-खवल्यांनी चमचमणारी शेपटी पाण्यातून सरळ उभी राहिली आहे आणि तिचं पातं उन्हात हळूहळू हलतंय. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. खरोखर, अगदी चित्रातल्यासारखी डुबकी दिसत होती. पातं हलत होतं ते मी खाली प्राणपणाने पाय झाडत होतो म्हणून. कट्ट्यावरचे एक आजोबा "वन्स मोअर" म्हणाल्याचं व्हिडिओत ऐकू येतं.

जीवरक्षक पोरगा कोल्हापूरकडचा. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. सरळ उडी टाकली, शेपटी बगलेत मारून माझं दुसरं टोक वर काढलं आणि मला काठाला टेकवला. मी नाकातोंडातलं पाणी काढत असताना त्याने शेपटी दोन बोटांनी दाबून पाहिली. "काका, डबा पायाला बांधल्यावर डोकं खालीच जाणार की!"

एवढ्यावर भागलं असतं. पण आता शेपटी काढायची होती. भिजलेली सुती नाडी फुगते आणि तिची निरगाठ ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटत नाही. लायक्रा अंगाला चिकटलेलं, बूट पाण्याने जड झालेले, आणि पायात पेटके. पाऊल तासन्‌तास ताणून धरायची सवय नर्तकींना असते, बँकेतल्या माणसाला नसते. शेपटी चढवायची कशी याचा मी किती विचार केला होता! उतरवायची कशी हा प्रश्न आकृतीत कुठेच नव्हता. कॅनडातल्या एडमंटन शहराने २०१५ मध्ये आपल्या सार्वजनिक तलावांत जलपरीच्या शेपट्यांवर बंदी घातली होती. वाचलं तेव्हा मला ते लोक अरसिक वाटले होते. काठावर पडल्या पडल्या मला त्या नगरपालिकेला पत्र लिहावंसं वाटलं.

प्रथमोपचाराच्या पेटीत कात्री नव्हती. कात्री बहिणीच्या घरी, सातव्या मजल्यावर. मी काही अंतर पोत्यांच्या शर्यतीतल्या पोरासारखा उड्या मारत गेलो, पण पुढे दोन फूट पॉलिकार्बोनेट असल्यामुळे दर उडीला फरशीवर असा फटाका वाजायचा की सोसायटीतली कुत्री भुंकू लागली. शेवटी जीवरक्षक आणि वॉचमन यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. लिफ्टमध्ये आधीच एक कुरिअरवाला होता. त्याने मला वरपासून पात्यापर्यंत पाहिलं, अंग चोरून जागा केली आणि अत्यंत आदराने विचारलं, "सर, कितवा मजला?"

बहिणीने नाडी कापली. कापताना ती काही बोलली नाही, पण तिचे खांदे हलत होते.

भाचीची शेपटी मी त्यानंतर केली, आणि ती चालते, हे इथे नमूद करणं भाग आहे. कारण त्यात कापड नाही, मॅट नाही, खवले नाहीत. नुसतं पातं, तिच्या मापाचं, पातळ. बुटांच्या टाचा कापून टाकल्या आणि मागे रबरी पट्टा, जो एका झटक्यात निघतो. जीवरक्षकाने अट घातली की पोहायला सुरुवात करण्याआधी तिने बुडी मारून तो स्वतःच्या हाताने काढून दाखवायचा, आणि तो किंवा घरातलं मोठं माणूस पाण्यात असल्याशिवाय पंख लावायचा नाही. ती आधी गुडघ्यातून लाथा मारत होती, सायकलवर बसल्याच्या थाटात, आणि जागच्या जागी पाणी घुसळत होती. मग कधीतरी तिला सापडलं. लाट छातीपासून सुरू होते, पोटातून कमरेत उतरते, गुडघे जवळजवळ सरळच राहतात, आणि पाय फक्त ती पुढे पोचवतात. ते कळल्यावर पोरगी तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एका श्वासात गेली आणि मला पाण्यात तिची नुसती रेघ दिसली.

मलाही नंतर मोठ्या पात्यावर, मॅटशिवाय, प्रयत्न करू दिला. लाट छातीत निघते हे मला तोंडपाठ आहे, पण तीस वर्षं काउंटरमागे बसलेल्या कमरेत ती शिरायला तयार नाही. भाचीने पाण्याखालून चष्मा लावून निरीक्षण केलं आणि वर येऊन निदान सांगितलं. "मामा, तुझं फक्त डोकं हलतंय."

या सगळ्याला पावसाळा लोटला. चुलत पुतण्याचं लग्न निघालं आणि बायकोने नव्या साडीखाली घालायला फिश कट परकर शिवायला टाकला. माप दिलं नाही. माप वहीत असतं. तयार झालेला परकर तिने घरी येऊन उघडला तेव्हा मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. तिने तो दोन्ही हातांनी कमरेपाशी धरला. मग त्यात डावीकडे आणखी एक बाई मावेल का ते पाहिलं. मावत होती.

"अहो," ती म्हणाली.

मी पेपर खाली केला नाही. पण तिने मला तसाच उठवून दुकानात नेला. शिंप्यांनी परकर पाहिला, वही पाहिली, टेप काढून तिची कंबर मोजली आणि त्यांचे डोळे विस्फारले. एवढ्या महिन्यांचं ओझं त्यांच्या मनावरून उतरलेलं मला दिसलं.

"वहिनी! अहो, किती बारीक झालात! केलंत काय?"

बायकोने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "पोहायला लागलेय."